देवरे मॅडमचे तास

ऑक्टोबर लागला की मला तो आधी बसच्या खिडकीतून कळतो. निफाड मागे पडलं की द्राक्षाच्या बागा एकदम उघड्या दिसायला लागतात. छाटणी झालेली असते, पानं खाली पडलेली, तारांवर नुसत्या काड्या, आणि त्या काड्यांना कोंब फुटायची पेस्ट लावत ओळीने सरकणाऱ्या बायका. सकाळचा गारवा विंचूरपर्यंत टिकतो. येवल्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत ऊन डोक्यात शिरायला लागलेलं असतं. या महिन्यात स्वेटर घालावा की नको, हे मला इतक्या वर्षांत नीट ठरवता आलेलं नाही. सकाळी अंगावर असलेला स्वेटर दुपारी पर्सवर ओझ्यासारखा लोंबतो. आणि याच महिन्यात परीक्षा येतात. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, त्यांना बांधायचा पांढरा दोरा, वर्गावर्गातून लावलेली बैठक व्यवस्था, आणि बाकांवर खडूने लिहिलेले आसन क्रमांक.

सव्वीस वर्षं मी हा रस्ता करते आहे. नाशिकला गंगापूर रोडवर घर, येवल्याला कॉलेज, मध्ये दोन तासांची बस. एफ.वाय.बी.एस्सी.ला फिजिक्स शिकवते. दरवर्षी सुरुवात तीच: मापन, एककं, चूक किती धरायची. समोरची मुलं दरवर्षी अठराचीच असतात. मी मात्र आता संध्याकाळी घरी गेल्यावर चप्पल काढायला खुर्चीत बसते आणि बराच वेळ तशीच बसून राहते. मुलगा म्हणतो, "आई, किती दिवस करणार हे अप-डाउन?" मी म्हणते, "चारच वर्षं राहिलीत." गेल्या वर्षी पाच म्हणाले होते.

बाकी महिन्यांतल्या थकव्याला मी फारसं विचारत नाही. गुडघे, झोप, वय, असं काहीतरी म्हणून सोडून देते. ऑक्टोबरच्या थकव्याचं कारण मात्र मला नीट ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी एक महिना समाजशास्त्र शिकवलं होतं.

ते तास माझे नव्हते. ते कल्पना देवरेचे होते. कल्पना एफ.वाय.बी.ए.ला 'समाजशास्त्राची ओळख' हा पहिला पेपर शिकवायची. तासिका तत्त्वावर, म्हणजे वर्षापुरती नेमणूक. जितके तास घेतले तितकंच तिचं कॉलेजात असणं. माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान. माहेर नामपूरचं, सासर नाशिकचं, त्यामुळे सातच्या गाडीला आम्ही दोघी रोज बरोबर असायचो. तिचा आवाज मोठा होता. शंभराच्या वर मुलं बसलेल्या वर्गात ती माइकशिवाय शिकवायची. माझी प्रयोगशाळा त्या वर्गाच्या समोर, मध्ये फक्त व्हरांडा. स्पिरिटचा, जुन्या सागवानाचा आणि पितळेचा तो वास, आणि त्यात समोरून येणारं 'जात', 'कुटुंब', 'समूह' असलं काहीबाही. मुलं लंबक मोजताना आकडे विसरायची आणि हसायची. मी एकदा तिला म्हटलं, "अगं, जरा हळू. माझ्या पोरांचे झोके चुकतात." ती म्हणाली, "ताई, तुमच्याकडे यंत्रं आहेत. माझ्याकडे हा गळाच आहे."

गणपती झाले आणि तिचा आवाज बसला. सुरुवातीला तिने हळदीचं दूध, ज्येष्ठमध, सगळं करून पाहिलं. पट्टी थोडी खाली आणून आठवडाभर शिकवलं. मग एका सकाळी ती बसमध्ये माझ्या शेजारी बसली, तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. तिने पर्समधून एक छोटी वही काढली आणि लिहिलं, "गळ्यात गाठी. डॉक्टर म्हणाले महिनाभर एक शब्द नाही. कुजबुजायचं पण नाही."

"मग टाक रजा," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं नोकरी करून मी हे बोलले, याची मला लगेच लाज वाटली. तासिकेवाल्यांना रजा कुठली? तिने लिहिलं, "रजा म्हणजे माझ्या जागी दुसरं कुणीतरी. ते परत उठत नाही."

त्याच वेळी तिचा फोन वाजला. नामपूरहून आई. ती रोज याच वेळी करायची. कल्पनाने फोन माझ्या हातात दिला आणि हात जोडले. आईला कळू द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, मी कल्पनाच्या कॉलेजातली मॅडम. ती जरा तासाची तयारी करतेय." पलीकडून म्हातारीचा आवाज आला, "बरी शे ना ती?" मी म्हटलं, "बरी आहे, एकदम बरी आहे." कल्पना खिडकीबाहेर बघत होती. बाहेर मक्याची कापणी चालली होती, कापलेल्या ताटांचा ओला वास बसभर भरला होता. तो महिनाभर रोज सकाळी मी त्या बाईशी खोटं बोलले. शेवटी शेवटी ती मलाच विचारायला लागली होती, "तू जेवनी का?"

कल्पना मला वाटेत सुचली ती विंचूर सोडल्यावर. म्हणजे युक्ती. मी तिला म्हटलं, "असं करू. तुझे तास मी घेते. त्या वेळेला माझं प्रॅक्टिकल असलं तर ते तू बघ. प्रॅक्टिकलला बोलावं लागतं कुठे? मुलं मोजतात, आपण फिरायचं आणि सही करायची. जुने परिचर आहेत, यंत्रं ते लावून देतील. बारावीपर्यंत सायन्स होतंच की तुझं." तिने वहीत नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. मी म्हटलं, "सरांना मी सांगते. तुझ्यावर काही येणार नाही."

हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. तुझ्यावर काही येणार नाही.

प्राचार्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, मी काही ऐकलं नाही. तास रिकामा राहता कामा नये. बाकी तुमचं तुम्ही बघा." तो होकारच होता, फक्त कागदावर न येणारा. त्या वेळी मला तो पुरेसा वाटला.

पहिल्या दिवशी 'दर्जा आणि भूमिका' हा धडा होता. कल्पनाने नोट्स दिल्या होत्या, निळ्या शाईत, गोल अक्षरात. त्या दिवशी माझं प्रॅक्टिकल नव्हतं म्हणून ती मागच्या बाकावर बसली. मी वाचत गेले. दर्जा म्हणजे समाजातलं आपलं स्थान, भूमिका म्हणजे त्या स्थानावरच्या माणसाकडून अपेक्षित असलेलं वागणं. मला वाटलं, हे काय शिकवायचं, हे तर सगळ्यांना माहीतच असतं. वीस मिनिटांत धडा संपला आणि मी फळ्यापाशी उभी राहिले. पुढे काय करायचं ते कळेना. फिजिक्समध्ये असं कधी होत नाही, तिथे गणित असतं. मागून चिठ्ठी आली, बाकावरून बाकावर सरकत. "त्यांना विचारा, आज उठल्यापासून कॉलेजला येईपर्यंत काय काय केलं. वेळ घालून लिहू दे. सगळं."

मुलांनी लिहिलं. मी कागद गोळा केले आणि परतीच्या बसमध्ये आम्ही दोघींनी वाचले. मुलग्यांचे कागद छोटे होते. उठलो, आंघोळ, चहा, गाडीवर आलो. मुलींचेही छोटेच होते, हे मला विचित्र वाटलं. कल्पना प्रत्येक कागदावर लाल पेनने प्रश्न लिहीत होती. चहा कुणी केला? पाणी कुणी भरलं? रोहिणी नावाची एक मुलगी होती, गावातल्याच विणकराच्या घरची. तिने लिहिलं होतं, "सहा ते साडेनऊ, काही नाही, घरीच." कल्पनाने त्याखाली दोनदा रेघ मारली आणि मला लिहून दिलं, "हिला उद्या विचारा. हात बघा तिचे."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं. "रोहिणी, सहा ते साडेनऊ काय करतेस?"

"काय नाय मॅडम. मागावर बसते."

"साडेतीन तास?"

"पप्पांची पाठ दुखती. पैठणी वेळेत द्यावी लागती."

"मग लिहिलं का नाहीस?"

ती खरंच गोंधळली. शेजारणीकडे बघून म्हणाली, "त्ये काय काम नाय मॅडम. त्ये घरचंच हाय."

वर्गात कुणी हसलं नाही. तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर रेशमाच्या धाग्याने पडलेल्या बारीक चिरा होत्या. मी मागे पाहिलं. त्या दिवशीही मागच्या बाकावर बसलेली कल्पना मान डोलवत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर शिकवणाऱ्या माणसाचा तो आनंद होता, जो माझ्या चेहऱ्यावर बहुतेक कित्येक वर्षांत आला नव्हता. मुलींनी कागद परत मागून घेतले. पुढच्या दिवशी ते आले तेव्हा काहींना पुरवणी जोडलेली होती. एकीने चार वाजल्यापासून लिहिलं होतं. दूध, शेण, भाकरी, लहान्याची आंघोळ, आजीची पथ्याची भाजी. शेवटी तिने लिहिलं होतं, "मॅडम, लिहिल्यावर दमल्यासारखं झालं."

मीही दमले होते. पण बरं वाटत होतं. आपण रोज ज्या रस्त्याने जातो, त्याच्या दोन्ही बाजूंची घरं एकदम दिसायला लागावीत तसं काहीतरी.

प्रयोगशाळेत काय चाललं होतं ते मला आठवड्याने कळलं. तिथे कल्पना बोलू शकत नव्हती म्हणून ती बघत होती. साधा लंबक, हा पहिलाच प्रयोग. दोऱ्याला गोळा बांधायचा, वीस झोक्यांचा वेळ मोजायचा, लांबी बदलायची, पुन्हा मोजायचा, आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचं. उत्तर नऊ पूर्णांक आठ. ते सगळ्यांना आधीच माहीत असतं. म्हणून मुलं उत्तरावरून मागे येतात आणि आकडे बनवून लिहितात. हे मला माहीत होतं. सगळ्या शिक्षकांना माहीत असतं. पहिली काही वर्षं मी रागावले, मग रागवायचं सोडलं, नंतर वही उघडून न बघताच सही करायला लागले. कल्पनाने सगळ्या जर्नल्स एका टेबलावर ओळीने उघड्या मांडल्या आणि मुलांना बोलावून बोट ठेवत गेली. नऊ पूर्णांक आठ. नऊ पूर्णांक आठ. बेचाळीस मुलं, एकच उत्तर. मग फळ्यावर लिहिलं, "जे आलं ते लिहा."

मुलांनी पुन्हा मोजलं. कुणाचं नऊ आलं, कुणाचं साडेदहा, एकाचं तर तेरा. तेरावाला माझ्याकडे धावत आला. "मॅडम, देवरे मॅडम चुकीच्या उत्तराला सही देतायत!" मी गेले. कल्पनाने त्याच्या वहीत लिहिलं होतं, "का आलं असेल, शोध." तो दोन तास शोधत बसला. शेवटी सापडलं की तो लांबी गोळ्याच्या तळापर्यंत मोजत होता, आणि अठरा झोक्यांनाच वीस धरत होता. ते सापडल्यावर त्याला इतका आनंद झाला की त्याने तो परिचरांना सांगितला, मला सांगितला, आणि व्हरांड्यातून जाणाऱ्या क्लार्कलाही सांगितला.

त्या दिवशी परतताना मी कल्पनाला म्हटलं, "तू माझी मुलं बिघडवलीस." तिने लिहिलं, "तुम्ही माझी." आणि आम्ही हसलो. तिला आवाज काढायची बंदी होती, म्हणून ती तोंडावर हात धरून, खांदे हलवत हसली.

दसरा झाला. मुलांच्या सायकलींना, गाड्यांना झेंडूची सुकलेली फुलं अजून अडकलेली होती. कल्पनाच्या न बोलण्याचा महिना संपायला पाच दिवस राहिले होते. त्या सोमवारी आमच्या संस्थेकडून एक साहेब तपासणीला आले. परीक्षेआधी असं कुणीतरी येतं. ते वर्गाच्या दारात उभे राहिले तेव्हा मी 'कुटुंबाची कार्ये' शिकवत होते. त्यांच्या हातात वेळापत्रक होतं.

"आपण?"

"मी फिजिक्सची."

"मग समाजशास्त्राचे शिक्षक कुठे आहेत?"

पुढच्या बाकावरची मुलगी अगदी निरागसपणे म्हणाली, "देवरे मॅडम फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला हायेत सर."

प्राचार्यांच्या केबिनमध्ये आम्ही दोघी उभ्या होतो. टेबलावरच्या काचेखाली जुन्या स्नेहसंमेलनाचे फोटो होते आणि पंखा टकटक वाजत होता. प्राचार्य म्हणाले, "माझ्या कानावर हे आलंच नव्हतं." अगदी शांतपणे म्हणाले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही सीनियर आहात. हा प्रकार कुणाच्या सांगण्यावरून चालला होता?"

माझ्या मनात त्या एका क्षणात काय काय आलं ते मला सांगता येईल. माझी वेतननिश्चितीची फाइल याच साहेबांच्या कार्यालयात होती, हे आलं. चौकशी हा शब्द आला. मुलाचं लग्न ठरत होतं, ते आलं. खरं उत्तर एका वाक्याचं होतं: माझ्या. मी म्हणाले, "देवरे मॅडमनी विनंती केली होती."

कल्पना माझ्या शेजारी उभी होती. ती बोलू शकत नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वही काढली, त्यात लिहिलं, "हो. मीच विनंती केली होती." खाली सही केली, तारीख घातली, पान फाडून साहेबांसमोर ठेवलं. मग दारात जाऊन थांबली, मला पुढे जाऊ देण्यासाठी. वयाने मोठी म्हणून.

माझ्यावर काही आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी सहाच्या गाडीने जायला लागले. घरी सांगितलं, परीक्षेची कामं आहेत. परतताना स्टाफरूममध्ये रेंगाळायची, संध्याकाळी उशिराची गाडी पकडायची. दिवाळीच्या आधी एका सकाळी प्रयोगशाळेत असताना मला समोरून कल्पनाचा आवाज ऐकू आला. तो बदलला होता. खालच्या पट्टीतला, खरखरीत, मधेच तुटणारा. ती धडा पुन्हा पहिल्यापासून शिकवत होती, दर्जा आणि भूमिका. मी हातातलं स्टॉपवॉच चालू ठेवून तशीच उभी राहिले, आणि किती झोके झाले ते मोजायचं राहून गेलं. तिने वर्ष पूर्ण केलं. जूनमध्ये तिला नेमणुकीचं पत्र आलं नाही. मला ते हजेरीपुस्तकावरून कळलं. तिचं नाव होतं तिथे दुसरं नाव होतं. मी फोन हातात घेऊन अनेकदा तिचं नाव काढलं आणि फोन ठेवून दिला.

त्यानंतर मी मुलांच्या वह्या बघायला लागले. आता माझ्याकडे आकडे वेगवेगळे येतात. सही करायला जास्त वेळ लागतो, हात भरून येतो. विभागात कुणी म्हणतं, "मॅडम, एवढं कशाला? चारच वर्षं राहिलीत." त्यांना काय सांगणार? एखादं काम नीट करायला लागल्यावर, ते इतकी वर्षं नीट न केल्याचा शीणही त्याच्याबरोबर येतो.

गेल्या आठवड्यात मी बहिःस्थ परीक्षक म्हणून सटाण्याकडच्या एका कॉलेजात गेले होते. दोन बस बदलून, अंग आंबून गेलेलं. स्टाफरूममध्ये शिरले आणि कोपऱ्यातल्या टेबलावर कल्पना पेपर तपासत बसलेली दिसली. केस थोडे पिकलेले, गळ्याभोवती रुमाल.

"मॅडम," ती उठून म्हणाली. बसमध्ये ती मला ताई म्हणायची.

"कशी आहेस?"

"बरी आहे." आवाज तसाच खरखरीत राहिला होता. "इथे दोन वर्षं झाली. तासिकेवरच. मुलगी माझ्या आईकडे असते. हे शनिवारी येतात नाशिकहून."

स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं. मी तीन वर्षं मनात घोळवलेलं बोलायला सुरुवात केली. "कल्पना, त्या दिवशी साहेबांपुढे मी..."

"ते जाऊ द्या," ती म्हणाली. "तुम्ही खरं सांगितलं असतंत तरी माझी नेमणूक गेलीच असती. तुमचंही काहीतरी गेलं असतं. त्याचा नाही मला राग."

मला हलकं वाटलं, अगदी क्षणभर. तिने पेनला टोपण लावलं.

"दुसऱ्या दिवशी मी जागा धरून बसले होते, मॅडम. गाडीला गर्दी होती. एक बाई लेकराला घेऊन उभी होती, तिलाही बसू दिलं नाही. बोलता येत नव्हतं, हातानेच सांगत होते, कुणीतरी येतंय म्हणून. निफाडला कंडक्टर म्हणाला, तुमच्या मॅडम सहाच्या गाडीने गेल्या. मग दिली त्या बाईला जागा." ती थांबली. आवाज तुटला होता, ती घोटभर पाणी प्यायली. "आई रोज विचारायची, त्या मॅडम का नाही फोनवर येत आता? बऱ्या आहेत ना?"

बाहेर घंटा झाली. मुलं व्हरांड्यातून धावत गेली. माझ्याजवळ बोलायला जे होतं ते सगळं त्या केबिनमधल्या दिवसाबद्दलचं होतं. बसमधल्या त्या सकाळबद्दल माझ्याजवळ काहीच तयार नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

मग तिने शेजारच्या खुर्चीवरचे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उचलून खाली ठेवले, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि पुढचा पेपर उघडला.